मागच्या बैठकीचे माप

४ मार्च

जावईबापूंस,

नमस्कार घालण्याची इच्छा नाही. परंतु पत्रारंभी तो घालावा लागतो आणि मी रूढीचा दास आहे, म्हणून घातला आहे असे समजावे.

आपले पत्र पावले. आपण माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, आमच्या कारखान्याचे माजी आरेखक आणि पुलापलीकडच्या प्रतिस्पर्ध्यांचे विद्यमान भूषण. या तीनपैकी कोणत्या अधिकाराने आपण मला "दादा, ती गोष्ट आता बाबांना सांगून टाका" अशी आज्ञा करता, याचा खुलासा पत्रात नाही. ती गोष्ट कोणती, हेही आपण लिहिलेले नाही. माझ्यापाशी सांगण्याजोग्या गोष्टींचा तुटवडा नाही. त्यांतली एक आपल्यालाच सांगतो.

गेल्या रविवारी मी मोटारींच्या प्रदर्शनास गेलो आणि आपण आरेखिलेल्या बंद मोटारीच्या मागच्या आसनावर विराजमान झालो. आपले अभिनंदन. गुडघ्यांपुढे जागा मिळावी म्हणून आपण आसन मागे, मागे, आणखी मागे सरकवत थेट मागच्या चाकांच्या आसावर नेऊन ठेवले आहे. रस्त्यातला प्रत्येक खड्डा आधी चाकाला, मग आसाला आणि विनाविलंब गिऱ्हाइकाच्या मणक्याला कळावा, अशी ही संदेशवहनाची शीघ्र व्यवस्था आहे. आणि आसाला खाली हालचाल करता यावी म्हणून आसन इतके उंच, की माझे पाय अधांतरी लोंबत राहिले. पुढची सगळी मोकळी जागा मी नुसती दुरून पाहिली. शेजारी उभा असलेला आपला विक्रेता म्हणाला, "साहेब, पाय ठेवायला पाट देऊ का?"

आमच्या घराण्यात मागची बैठक कागदावर जन्मत नाही, हे आपण तीन वर्षे डोळ्यांनी पाहिलेत. पण पूल ओलांडताना पुष्कळ गोष्टी नदीत पडतात, म्हणून स्मरण देतो. परगावच्या कारखान्यातून चाके, यंत्र आणि लोखंडी सांगाडा येतो. त्यावर सुतारमिस्त्री कच्च्या फळ्यांची बैठक ठोकतात. मग त्या फळ्यांवर एक जिवंत मनुष्य अर्धा तास बसतो. यास आमच्याकडे मापाला बसणे म्हणतात. अर्धा तास अशासाठी, की तीर्थरूपांच्या मते पहिली पाच मिनिटे शरीर भिडस्त असते. ते सगळे ठीक आहे असेच सांगते. त्यानंतर ते खरे बोलू लागते. कंबर कुठे दुखली, टाच कुठे अडली, ते बसणारा सांगतो, मिस्त्री खडूने खुणा करतात, आणि त्या खुणांवरून मी, या घराचा ज्येष्ठ पुत्र व गादीकार, गाद्या शिवतो.

घोडागाड्यांच्या काळापासून मापाला तीर्थरूपच बसत. एकदा साखळी तुटून सांगाडा त्यांच्या उजव्या पायावर आला आणि तो गुडघा कायमचा ताठ झाला. तरीही तेच बसत. पाय वाकत नाही, मग तो ठेवायचा कुठे? तर चालकाच्या आसनाखाली पोकळी करून तीत. एवढ्यासाठी प्रत्येक मोटारीची मागची फरशी खाली उतरवावी लागे, आसन तिरके करावे लागे, आणि एका मोटारीला दोन मोटारींचा वेळ लागे.

अखेर मागच्या वर्षी जानेवारीत, सर्व कामगारांच्या देखत, आपण त्यांना म्हणालात, "बाबा, आता तुम्ही मापाला बसू नका. आपण एका अधू पायासाठी मोटारी बांधतोय."

ते उठले. काठी घेतली. घरी गेले. जाताना एवढेच म्हणाले, की या माणसाने माझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नये. चौदा महिने झाले. त्यांनी कारखान्यात पाऊल टाकले नाही, आपण घरात टाकले नाही, आणि धाकटी आपल्यावाचून येणार नाही म्हणते. घरात सध्या मी, ते आणि भिंतीवरचे घड्याळ असे तिघे आहोत. मी बोलतो फक्त घड्याळाशी, कारण ते प्रश्न विचारत नाही.

मापाचे म्हणाल तर त्या आसनावर आता एक सुदृढ, निर्व्यंग, दोन्ही गुडघे वाकणारा मनुष्य बसतो. अर्ध्या तासाची पाच मिनिटे झाली आहेत. कारखाना वायुवेगाने चालला आहे.

कळावे. लोभ असावा असे लिहिणार होतो. पण खोटे लिहून पत्र संपवणे बरे नव्हे.

आपल्या पत्नीचा बंधू


१९ मार्च

जावईबापूंस,

"सध्या मापाला कोण बसतं?" हा आपला एका ओळीचा प्रश्न उद्धट आहे. त्याचे उत्तर देण्यास मी बांधील नाही. तरीही खालील वृत्तांतातून ते आपणास कळेल; आणि ते आपल्या गावच्या चहाच्या टेबलावर मिस्त्रींच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्या हस्ताक्षरात कळलेले मला अधिक प्रतिष्ठेचे वाटते.

गिरणीमालकीणबाईंना आपण ओळखताच. मोटार पोहोचवल्याच्या चवथ्या दिवशी त्या स्वतः ती परत घेऊन आल्या. बाईंची उंची सहा फुटांस जेमतेम एक इंच कमी. त्यांनी मला मागचे दार उघडायला लावले, आत बसल्या, दार ओढून घेतले, आणि काचेतून मला त्यांचे गुडघे दिसले. अन्य फारसे काही दिसले नाही, कारण त्यांचे मुख गुडघ्यांच्या पलीकडे होते.

"गादीवाले," त्या आतून म्हणाल्या, "मागे बसणाऱ्यानं पाय घरी ठेवून यायचं असतं का?"

मी म्हटले, "बाईसाहेब, आपण गादीची रुंदी पाहावी. एवढी ऐसपैस बैठक साऱ्या शहरात नाही."

"रुंदीला काय करू? मी आडवी वाढलेले नाही."

मी तत्काळ उपाय योजले. पाठीमागची गादी उसवून निम्म्याने पातळ केली. त्यानंतर मधला काचेचा पडदा चार अंगुळे पुढे सरकवला, आणि त्यासोबत चालकाचे आसनही. बाईंचा चालक हा शांत स्वभावाचा गृहस्थ. तो सुकाणूच्या चाकामागे बसला, एकदा श्वास घेतला आणि खाली उतरला. म्हणाला, "दोन बरगड्या काढून ठेवल्या तर जमेल. कोणत्या काढू ते तुम्हीच सांगा, तुम्हाला मापातलं कळतं."

मिस्त्री हसले. चौतीस वर्षांत मी त्यांना प्रथमच हसताना पाहिले.

"मापाला बसलं कोण होतं?" बाईंनी विचारले.

मिस्त्रींनी खडू धरलेल्या हाताने माझ्याकडे निर्देश केला. बाईंनी मला मस्तकापासून पादत्राणांपर्यंत न्याहाळले. त्या कार्यास त्यांना अधिक वेळ लागला नाही.

होय. मी बसतो. माझी उंची पाच फूट एक इंच आहे, हे आपण जाणता. आणि कटीप्रदेशाचा विस्तार किती आहे, हेही. गेल्या चौदा महिन्यांत आमच्या कारखान्यातून अकरा मोटारी बाहेर पडल्या, आणि त्यांतील प्रत्येकीची मागची बैठक एका ठेंगण्या, स्थूल आणि पाच मिनिटांत तृप्त होणाऱ्या गादीकारासाठी बांधलेली आहे. चालकाच्या आसनाखालची ती पोकळी रिकामी पडली म्हणून मी तीत हत्यारपेटी बसवली. मला ती योजना अत्यंत कल्पक वाटली होती. त्या पोकळीवाचून माझे कधीच काही अडले नाही. माझे पाय तिथवर पोहोचतच नाहीत.

आपण गुडघ्यांसाठी जागा केलीत ती मणक्याच्या जिवावर, आणि मी केली ती चालकाच्या बरगड्यांवर. दोन्ही न करता जागा कशी निघते, हे ज्याला ठाऊक आहे तो मनुष्य घरी खिडकीपाशी बसून आहे.

बाईंनी महिनाअखेरीपर्यंतची मुदत दिली आहे. तोवर बैठक सुधारली नाही, तर त्या मोटार आपल्या पुलापलीकडे नेणार. आणि त्यांच्यामागे सहाजण थांबले आहेत, जे त्या करतील तेच करणार. म्हणजे आमच्या दाराला कुलूप. मिस्त्री धरून बावीस माणसे आहेत. हे मी दयेसाठी लिहीत नाही. आपण अंकांवर प्रेम करता म्हणून अंक दिला.

काल मी तीर्थरूपांना म्हणालो, "बाबा, एकदा मापाला बसता का?"

ते वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते खाली घेतले नाही. म्हणाले, "ज्यानं उठवलं, त्यानं येऊन बसवावं."

वाक्याचा अर्थ स्पष्ट आहे. सबब आपणास सूचित करण्यात येते, की येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आपण आमच्या घराच्या फाटकापाशी यावे. उंबऱ्याच्या आत येण्याचे कारण नाही. क्षमायाचना फाटकातूनही ऐकू येते. चार शब्द बोलावेत आणि आल्या पावली परत जावे. ही विनंती नव्हे. विनंती असती तर मी तिला सुबक भाषेत गुंडाळली असती.

आपल्या पत्नीचा बंधू


२४ मार्च

जावईबापू,

रविवारी मी दहापासून साडेबारापर्यंत फाटकापाशी उभा होतो. शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी दोनदा विचारले, "कुणाची वाट बघताय?" मी म्हटले, "हवेची." दुसऱ्यांदा म्हणाले, "मग आत बसूनही येते ती."

आपण आला नाहीत. आज आपले उत्तर आले. "बाबांचं बरोबर आहे. ज्यानं उठवलं त्यानंच बसवावं. तुम्ही कधी जाताय?" खाली धाकटीच्या अक्षरात आणखी चार ओळी: "दादा, लहानपणी आरसा फोडलास तेव्हाही तू दारात जाऊन उभा राहिलास आणि म्हणालास की मी तर आत्ताच आलो. तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास म्हणून चाललं."

ठीक आहे. आपणा उभयतांना ती गोष्ट माझ्या हातून कागदावर पाहण्याची एवढी हौस असेल, तर घ्या.

त्या जानेवारीत पाच सांगाडे अंगणात उभे होते आणि तीर्थरूप एकेका बैठकीला दोन दोन दिवस लावत होते. जेवणाच्या सुट्टीत मी आपल्याकडे माळ्यावर आलो. आपण फलकावर मोटारीची पूर्णाकार आकृती काढत होतात. मी म्हणालो, "अहो, आपण एका अधू पायासाठी मोटारी बांधतोय." वाक्य माझे. चांगले जमले होते, म्हणून मी ते दोनदा म्हणालो. आपण हसला नाहीत. आपण कोणत्याही विनोदावर हसत नाही; तो आपल्याला मोजता येत नाही. नंतर मी म्हणालो, "तुम्ही बोला त्यांच्याशी. मी मुलगा पडलो, माझं ऐकायचे नाहीत. तुम्ही आरेखक, तुमच्या बोलण्याला वजन." आपण म्हणालात, "पण तुम्ही माझ्या बाजूनं बोलाल ना?" मी म्हणालो, "हा काय प्रश्न झाला?"

त्या उत्तरात होकार नव्हता, हे आपण लक्षात घ्यायला हवे होते.

त्यांना कोपऱ्यात घेऊन बोला, असे आपल्याला सुचवायला मी विसरलो, आणि आपण, सरळ रेषेचे उपासक, खाली उतरून थेट बावीस माणसांदेखत बोललात. माझेच वाक्य, शब्दही न बदलता. तीर्थरूप फळ्यांवर बसलेले होते, पाय पुढे लांब. त्यांनी आपल्याकडे पाहिलेच नाही. माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "तुझं काय म्हणणं आहे?"

मी म्हणालो, "मी तर हे आत्ताच ऐकतोय."

झाले. ही ती गोष्ट. दोन ओळींची आहे. चौदा महिने मी तिच्याभोवती अकरा मोटारी बांधल्या.

आता माझी तक्रार ऐका, कारण तक्रार आहे. आपण त्याच क्षणी का बोलला नाहीत? आपण तोंड उघडून एवढेच म्हटले असते, की हे यांनीच मला सांगायला लावले, तर प्रकरण दहा मिनिटांत मिटले असते. मला दोन थोबाडीत बसल्या असत्या आणि चार वाजेपर्यंत सगळे कामाला लागले असते. याचे कारण धाकटीने मागे एकदा कळवले होते, तेव्हा मी ते पत्र चुलीत टाकले. ती म्हणते, आपला विचार असा होता: जावयाने उठवले एवढे दुःख म्हाताऱ्या माणसाला पुष्कळ झाले, मुलानेही उठवले हे कशाला कळवा.

जावईबापू, आपल्या पत्रांतला खवचटपणा मी सहन करीन. प्रदर्शनातला तो पाटही मी विसरेन. परंतु हा मोठेपणा मला असह्य आहे. माझ्या वडिलांना माझ्यापासून वाचवण्याचे काम मी आपल्यावर सोपवलेले नव्हते. आपण ते परस्पर अंगावर घेतलेत, त्यापायी घर सोडलेत, माझी बहीण नेलीत, आणि मला इथे अशा माणसासमोर रोज जेवायला बसवलेत, जो मला निर्दोष समजतो. रोज वाढताना विचारतात, "तुला कारखान्यात एकट्यानं झेपतंय ना?" यापेक्षा क्रूर कारवाई मी पाहिलेली नाही, आणि मी तीन वकील गिऱ्हाईक म्हणून हाताळले आहेत.

मुदत संपायला सात दिवस आहेत. गेलो नाही, तर कारखाना जाईल. गेलो, तर रोज विचारला जाणारा तो प्रश्न जाईल. आपण अंकांचे जाणकार. सांगा, यातले मोठे कोणते. नका सांगू.

बंधू


२९ मार्च

जावईबापूंस नमस्कार.

हे पत्र तीर्थरूपांनी वाचल्यावर पोस्टात पडणार आहे. पहिला मसुदा त्यांनी परत दिला. म्हणाले, "विशेषणं काढ." दुसरा परत दिला. म्हणाले, "अजून आहेत." हा तिसरा.

बुधवारी सकाळी मी त्यांना सांगितले. ते दाढी करीत होते. अर्ध्या गालाला साबण होता. मी म्हणालो, "बाबा, त्या दिवशीचं वाक्य माझं होतं. मी त्यांना बोलायला लावलं. तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो."

त्यांनी उरलेला गाल पूर्ण केला. तोंड पुसले. मग म्हणाले, "माझा पाय अधू आहे, हे म्हणालास त्याचं काही नाही. तो आहेच. पण मी तुझ्याकडे बघितलं होतं."

मी हो म्हणालो.

"तू खाली बघितलंस. मला वाटलं, तुला वाईट वाटलं माझ्यासाठी. चौदा महिने मी तेच धरून बसलो."

येथे माझे एक वाक्य होते. ते त्यांनी खोडले आहे.

मी म्हणालो, "मापाला चला."

ते म्हणाले, "हे मागायला आलास म्हणून सांगितलंस, का सांगायचं होतं म्हणून आलास?"

मी म्हणालो, "मागायला आलो."

ते म्हणाले, "हे तरी खरं बोललास." आणि काठी मागितली.

कारखान्यात सगळे उठून उभे राहिले. त्यांनी बसायला सांगितले. बाईंच्या मोटारीची मागची बाजू आम्ही आधीच उघडली होती. मिस्त्रींनी कच्च्या फळ्या ठोकल्या. ते चढायला गेले तेव्हा मी हात पुढे केला. त्यांनी मिस्त्रींचा धरला. बसले आणि पाय पुढे केला. तो हत्यारपेटीवर आदळला.

"हे काय आहे?"

मी सांगितले.

"ही कल्पना कुणाची?"

मी सांगितले.

पेटी काढली. ती आता बाहेर, मोटारीच्या पायरीवर बसवली आहे. पाऊण तास ते बसले होते. मिस्त्रींनी फरशी दोन्ही बाजूंना पाच अंगुळे खाली घेतली, यंत्राकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या मधल्या फिरत्या दांड्याला सोडून. आसन आसाच्या पुढे आले, खालीही आले, आणि मागे किंचित कलले. चालकाच्या आसनाखाली पोकळी परत झाली. चालक चाकामागे बसून म्हणाला की दोन्ही बरगड्या आत आहेत. काल बाई येऊन बसल्या. पाय त्या पोकळीत लांब केले आणि पंधरा मिनिटे बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "गादीवाले, आता गादी शिवा." मोटार इथेच राहणार आहे. मागचे सहाजणही.

आपल्या मोटारीबद्दल तीर्थरूपांना मी सांगितले होते. ते आपणास कळवायला सांगतात, की आसन मागे नेऊन जागा होत नाही, खाली नेऊन होते. आणि आपण हे तीन वर्षे पाहूनही केले नाहीत, कारण तो अधू पायाचा लाड आहे असे आपल्यालाही मनातून वाटत होते. वाक्य माझे असले तरी ते आपल्या तोंडात सहज बसले, असे ते म्हणतात. हे त्यांचे शब्द आहेत. मी यात आनंद मानू नये, असेही त्यांनी सांगितले आहे.

रविवारी सकाळी दहा वाजता ते पूल ओलांडून आपल्या घरी येतील. आपण इकडे येऊ नये. उंबरा त्यांनी बंद केला होता, तेव्हा पहिले जाणे त्यांचे, असे म्हणतात. बाईंनी मोटार दिली आहे. उघडलेल्या मागच्या बाजूला अजून पुन्हा रंग लागलेला नाही, काच बसवलेली नाही, फळ्या उघड्या आहेत. ते मागे बसतील. मोटार मी चालवणार आहे.

धाकटीला सांगावे, की हात असलेली आणि समोर मोकळी जागा असलेली खुर्ची काढून ठेवावी. जेवण साधे असावे. त्यांना दुपारी चारपर्यंत बसायचे आहे.

मला आत बोलावू नये. तशी त्यांची सूचना आहे, आणि ती मी स्वतःच्या हाताने लिहावी, हीदेखील. धाकटी बाहेर येऊन आग्रह करील, तर तिला करू देऊ नये. चारपर्यंत मी मोटारीत बसून राहीन, पुढच्या आसनावर.